त्याला खोलीत कोंडू नका

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला होता. मार्च २०२० मध्ये हॉस्टेल बंद झालं आणि तो इंदूरला परत आला, तेव्हापासून वरच्या खोलीतच आहे. उरलेलं शिक्षण तिथंच, आता नोकरीही तिथूनच. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे आजोबा कोविडनं गेले. त्यांच्या रेमडेसिविरसाठी दवा बाजारच्या रांगेत हाच उभा होता. त्यानंतर कधीतरी दारू सुरू झाली. आता जवळजवळ रोज रात्री एक क्वार्टर, एकटाच. गेल्या आठवड्यात गादीखाली गांजाची पुडी दिसली. मागे विषय निघाला तेव्हा म्हणाला होता, ‘कॅनडात तर दुकानात मिळतो.’ हे म्हणतात, आठ दिवस खोलीत बंद करू, आपोआप सुटेल. जाऊबाई म्हणतात, लग्न लावून द्या. आमच्या मोठ्या दिरांनाही तरुणपणी भास व्हायचे. पोलिसांत नाव जाईल म्हणून डॉक्टरकडे न्यायला धजत नाही. पुडी मी पाहिली हे त्याला सांगू का?
— एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी कोंडून ठेवण्याबद्दल, आणि हे यजमानांनाही वाचून दाखवा. त्याची दारू अशी एकदम तोडू नका. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की किंवा रम असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीराला रोज एवढ्याची सवय झाली आणि एके दिवशी ते मिळालंच नाही, तर काही जणांना २४ तासांच्या आत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भ्रमात बडबडू लागतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. सगळ्यांना असं होत नाही. पण कुणाला होईल, हे दाराबाहेर उभं राहून कळत नाही.

मार्च २०२० मध्ये दारूची दुकानं अचानक बंद झाली तेव्हा देशानं हे पाहिलं आहे. बंगळूरच्या रुग्णालयांत असे गंभीर रुग्ण वाढले. केरळात आत्महत्या झाल्या आणि सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं; २ एप्रिलला उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. दारू सोडवायला दारूची गरजच नसते. त्यासाठी वेगळी औषधं आहेत. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात. त्या गोळ्या मेडिकलवरून स्वतःच्या मनानं मात्र आणू नका. दारूसोबत पोटात गेल्या तर श्वास मंदावतो.

गांजा सोडताना असा जिवाचा धोका सहसा नसतो. आठवडाभर चिडचिड, भूक नाही, झोप नाही, विचित्र स्वप्नं. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. पण तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले ते दिरांचं. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय. डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा. रक्ताच्या नात्यात असा आजार असेल तर गांजानं भास-संशयाचा आजार उफाळण्याची शक्यता वाढते, आणि तो दिसू लागण्याचं वय बहुधा विशीतलंच. ‘लोक माझ्याबद्दल बोलतात’, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, रात्र-रात्र जागं राहूनही न थकणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला हे खरं आहे. पण ज्या घरात हा आजार आहे, तिथल्या पोराचा धोका त्यानं तसूभरही कमी होत नाही.

आता त्या खोलीबद्दल. महामारीत तरुणांच्या पिण्यावर जगभर अभ्यास झाले. बार बंद, मित्र दूर, त्यामुळे बऱ्याच जणांचं पिणं उलट कमी झालं. वाढलं ते काळजी विसरायला आणि एकट्यानं पिणाऱ्यांचं. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटातला दिसतो. मित्रांसोबत पिणाऱ्याला ‘आज बास’ म्हणणारं कुणीतरी असतं. शिवाय दारूनं झोप लागते ती पहिल्या प्रहरापुरती. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे राहतात, आणि माझा अंदाज आहे की ती पुडी त्या वेळेसाठी आहे. घरात सगळ्यांनीच सोसलं, हे मला मान्य आहे. पण विशीतला पोरगा आजोबांचं इंजेक्शन मिळावं म्हणून रांगेत उभा राहिला आणि आजोबा वाचले नाहीत. त्याला त्या रांगेबद्दल घरात कुणी कधी विचारलंय का?

लग्नाचं नाव काढू नका. दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून घरात आणायचं नसतं. या मुद्द्यावर मी जाऊबाईंशी वाद घालायलाही तयार आहे.

पोलिसांची भीती काढून टाका. उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदाही, थोड्या प्रमाणात नशा बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर कलम ६४-अ खाली त्याला खटल्यापासून संरक्षण देतो. म्हणून पुडी सापडायच्या आधी डॉक्टर गाठलेला बरा. इंदुरात बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ किंवा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा क्रमांक लावा. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आणि हो, पुडी पाहिल्याचं सांगा. रात्री, तो प्यायलेला असताना नको. रविवारी सकाळी, यजमान बाहेर गेले असताना. ‘पुडी पाहिली, फेकली नाही, बाबांना सांगितलं नाही’ एवढं म्हणा आणि विचारा, ‘झोप लागत नाही का रे?’ तो चिडेल, उठून जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. डॉक्टरकडे जायला निघाल तेव्हा तो किती आणि किती दिवस पितो ते कागदावर लिहून न्या, आणि शेवटचा पेग कधी घेतला होता तेही.