मुंबई–लंडन : जायला साडेचार तास, यायला साडेचौदा?

प्रश्न : मुलगी लंडनला शिकते. तिच्या जानेवारीतल्या मुंबई–हीथ्रो तिकिटावर जाताना दुपारी १ ते संध्याकाळी ५:३० अशी वेळ आहे, येताना रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०. एवढा फरक कसा? अंतर नेमकं किती आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. म्हणून जाताना साडेचारात साडेपाच मिळवा : १० तास. येताना साडेचौदातून साडेपाच वजा करा : ९ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. त्या मधल्या काळात साडेपाचऐवजी साडेचार धरा. उन्हाळ्याच्या तिकिटाचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो.

अंतर सरळ मोजलं तर सुमारे ७,२०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ही रेषा सापडत नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो कराचीजवळून, इराणवरून, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या आसपास कॉकेशस पर्वत ओलांडून काळ्या समुद्रावरून युक्रेनमधल्या ओडेसाकडे जातो. आता अडचण दिसेल : युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग दोऱ्यापेक्षा लांब पडतो. किती लांब, हे त्या दिवशी कुठलं आकाश खुलं आहे त्यावर ठरतं.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटरला ८ तास लागतात. पण तिकिटावरची वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांतच अर्धा-पाऊण तास जातो. बाकीचा वेळ वळसा आणि वारा खातो. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम हा वेगवान वारा जाताना समोरून लागतो, येताना पाठीशी असतो, आणि हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. पृथ्वी फिरते म्हणून येताना वेळ वाचतो, हा समज चुकीचा आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

आणायला जाणाऱ्यांनी ११:३० ही विमान गेटला लागण्याची वेळ धरावी. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत पुढे तासभर सहज जातो.

प्रश्न : दुबईमार्गे गेलं तर फार लांब पडतं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अंतराने नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९०० आणि दुबई–लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम दोनशेच्या आसपास जास्त. वेळ वाढतो तो दुबईतल्या थांब्यामुळे. म्हणून तिकीट निवडताना किलोमीटर पाहू नका, एकूण प्रवासाचे तास पाहा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी सहसा तुमच्यावरच येते.