बागेतलं वाचन आणि १६८ ची नोटीस

प्रश्न: मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक. दर रविवारी संध्याकाळी आम्ही बारा-चौदा जण पालिकेच्या बागेत राज्यघटनेतलं एकेक कलम वाचतो. महिनाभर साध्या वेशातला हवालदार येऊन मोबाइलवर फोटो काढतोय, नावं-नंबर लिहून घेतोय. आता मला नोटीस आलीय, ‘ठाण्यात येऊन जा’ असे फोनही येतात. निम्मे लोक यायचे बंद झाले. काय करू?

उत्तर: गुरुजी, नोटिशीची झेरॉक्स पाहिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची आहे; म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ‘१४९ ची नोटीस’, मोर्चाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांच्या दारात येते ती. ‘प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल’ हा मजकूर ठरलेला, नाव तेवढं बदलतं. हे कलम दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, टाळण्यासाठी आहे. वाचनातून कोणता गुन्हा घडणार होता, ते नोटिशीत कुठेच नाही. नोटीस म्हणजे बंदी नव्हे. ‘मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून सही करा, लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या.

मात्र शहरात जमावबंदी आहे का, ते आधी बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा आदेश चालू असताना बसलात, तर कलम १३५ खाली खरोखरच गुन्हा लागू शकतो. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय हा आदेश १५ दिवसांपुढे चालत नाही. पण एक संपला की दुसरा निघतो, हे आम्ही वकील रोज बघतो. आदेशात सूट कोणाला आहे, तेही वाचा.

नुसत्या फोनवर ठाण्यात जायची सक्ती नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर तपास चालू हवा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश हवा. त्यातही साठीपुढच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. चौकशी करायचीच असेल तर साहेबांनी तुमच्याकडे यावं.

फोटोंचं दुखणं अवघड. उघड्या जागी पोलिसांनी फोटो काढू नयेत, असं थेट सांगणारा कायदा नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा सरकारी हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा आणि तो गरजेच्या प्रमाणातच हवा, असंही सांगितलं. म्हणून माहिती अधिकारात विचारा: फोटो कोणत्या आदेशाने काढले, किती दिवस ठेवणार? नकार आला तरी तो कागदावर येतो, आणि पुढे उच्च न्यायालयात जायचं झालं तर कागदच लागतो.

झेरॉक्सवर जावक क्रमांकाची जागा कोरी दिसते. मूळ नोटिशीवरही तसंच असेल, तर उत्तराच्या पहिल्याच ओळीत ते लिहा.