एका मतानं फेमस झालेला आमदार, पुढं काय झालं?

प्रश्न : १९२० मध्ये अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क मिळाला तो म्हणे एका पोरसवदा आमदाराच्या मतानं. खरंय का? आणि त्याचं नंतर काय झालं?

उत्तर : हो, बरंचसं खरंय. हॅरी बर्न, टेनेसीतल्या नायोटाचा, वय फक्त २४. हा हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती आणि टेनेसी छत्तीसावं. १८ ऑगस्टला टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, हा कोटाला लाल गुलाब लावून बसलेला, म्हणजे मताधिकाराच्या विरोधकांत, आणि ठराव बाजूला ठेवायच्या बाजूनंच आधी मतही देऊन बसलेला, पण तिथं ४८-४८ अशी बरोबरी झाली आणि मुख्य मतदानाला पठ्ठ्या चक्क ‘हो’ म्हणाला! खिशात आईचं, फेब बर्न यांचं पत्र होतं, शहाण्यासारखं वाग आणि मताधिकाराला पाठिंबा दे असं सांगणारं. लाच घेतल्याचे आरोपही झाले, तर दुसऱ्या दिवशी सभागृहात उठून त्यानं आईचं नाव सरळ सांगितलं. (आजचा कुठला नेता सांगेल?)

करिअर संपलं असेल असं वाटतं ना, पण त्याच वर्षी तो परत निवडून आला. पुढं वकिली केली, १९३० ला गव्हर्नरपदासाठी उभा राहिला पण जमलं नाही, मग रॉकवुडच्या बँकेचा प्रेसिडेंट झाला. १९७७ मध्ये वारला.