फ्रान्समध्ये पेस्ट्री शिकायला निघालेल्या एकीला

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी हातात आहे, वय चोवीस, आता फ्रान्समध्ये पेस्ट्री शिकायची आहे. तर थंडी, भाषा, एकटेपणा आणि जिलेटीन (प्राण्यांच्या हाडा-कातडीतून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) यांचं काय, असं तू विचारलंस. थंडीचं सोड. पेस्ट्रीच्या स्वयंपाकघराला इथे ‘लाबो’ म्हणतात. लाबोत एका बाजूला ओव्हन धगधगत असतात आणि दुसऱ्या बाजूला लोणी वितळू नये म्हणून पीठ लाटायची जागा मुद्दाम गार ठेवलेली असते. बाहेर काय ऋतू आहे ते कामावर असताना कळतही नाही.

त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पॅरिसला आले तेव्हा भाडं बघून उपनगरात खोली घेतली. इंटर्नशिप लागली आणि कामाची वेळ पहाटे साडेचारची निघाली. पॅरिसची मेट्रो सुरू होते साडेपाचच्या सुमारास. त्याआधी फक्त नॉक्टिलियां नावाच्या रात्रीच्या बस. तीन महिने मी अडीचला उठून, एक बस बदलून कामावर जात होते. दुपारी एकला सुटायचे तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या तीन महिन्यांत मी काय शिकले ते मला आज आठवत नाही. म्हणून खोली बघताना आधी नकाशा बघ: कामावर चालत किंवा सायकलने जाता येईल का? शंभर युरो जास्त गेले तरी चालतील. घरमालक ‘गारां’ मागेल, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा जामीन. इथे ओळखीचं कोणी नसेल तर व्हिसाल नावाची सरकारमान्य मोफत हमी आहे, तिचा अर्ज आधीच करून ठेव. खिडकीला ‘व्होले’, म्हणजे लाकडी किंवा लोखंडी झडपा आहेत का तेही बघ. जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो आणि तुला आठला झोपायचं असतं.

आता भाषा. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून फ्रेंच नंतर बघू, असं तू लिहिलंयस. हे मला अजिबात पटत नाही. वर्गात दुभाषा असतो, लाबोत नसतो, आणि खरं शिक्षण लाबोत होतं. मी बऱ्यापैकी फ्रेंच शिकून आले होते. पहिल्या आठवड्यात शेफ टार्टच्या कड्यांकडे, म्हणजे बिनतळाच्या गोल साच्यांकडे, बोट दाखवून म्हणाले, ‘फोंस!’ क्लासमध्ये फोंसे म्हणजे वेगाने सुटणे असं शिकवलं होतं. मी कड्या उचलून सुसाट निघाले. सगळा लाबो हसला. पेस्ट्रीत फोंसे म्हणजे कडीला आतून पीठ बसवणे. मिसळायच्या गोल वाडग्याला ‘क्यू द पूल’ म्हणतात, शब्दशः कोंबडीचं ढुंगण; हे कुठल्या पाठ्यपुस्तकात येणार? रबरी पळी म्हणजे ‘मारीज’. गरम ट्रे घेऊन कोणी मागून येत असलं की ओरडतं, ‘शो देरिएर!’ ते ऐकून अंग चोरायचं. अर्थ आठवत बसलीस तर हात भाजतो. माझा भाजलाय.

आणि आकडे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा. शेफ वजनं तोंडी सांगतात. ‘चार-वीस’ ऐकून तू ८० ग्रॅम टाकून मोकळी होतेस आणि मागून ‘बारा’ येतं. आपल्या एकोणसत्तर-एकोणऐंशीला नावं ठेवणाऱ्यांना एकदा इथे वजनकाट्यापाशी उभं करायला हवं. इथे अंडीसुद्धा नगावर नाही, वजनावर घेतात: पिवळा बलक साधारण २० ग्रॅम, पांढरा ३०. तेव्हा निघेपर्यंत रोज अर्धा तास नुसते आकडे ऐक. व्याकरण कच्चं राहिलं तरी चालेल, कान तयार हवा.

कोर्सबद्दल. इंग्रजीतून शिकायचं तर पॅरिसमध्ये ले कॉर्दों ब्ल्यू ही पाककला शाळा आहे, १८९५ पासूनची. फेरांदी या दुसऱ्या पाककला शाळेचे आंतरराष्ट्रीय वर्गही आहेत. काही महिन्यांत हात बरा बसतो, पण फी जबर. दुसरी वाट सीएपी पातिसिएची. ही राष्ट्रीय पात्रता, सगळी फ्रेंचमध्ये, आणि इथल्या दुकानमालकाला कळते ती हीच. प्रात्यक्षिकाचे दोन भाग: एकात क्रोसाँसारखी घडीची (आत लोणी घालून घड्या घातलेली) पिठं, बिस्किटं आणि टिकाऊ केक, दुसऱ्यात क्रीम-मूसचे मोठे केक आणि छोटे केक. अप्रेंटिसशिप करून पगार घेत शिकू, हा बेत आल्या आल्या जमेल असं धरू नकोस. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे इथे एक वर्ष शिक्षण झाल्यावरच तसा करार करता येतो. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, त्यावर घर चालेल असा हिशोब करू नकोस. इंटर्नशिप दोन महिन्यांच्या वर गेली तर मानधन कायद्याने द्यावंच लागतं, पण ते तासाला साडेचार युरोच्या आसपास. त्यात खोलीचं भाडंही सुटत नाही.

एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. शिक्षणानंतर नोकरी शोधायला थांबण्याचं जे परवानापत्र इथे मिळतं, ते पदव्युत्तर किंवा व्यावसायिक पदवीच्या पातळीवर मिळतं. सीएपी त्यात बसत नाही. म्हणजे कोर्स संपायच्या आधीच तुझ्यासाठी वर्क परमिटचा अर्ज करायला तयार असलेला मालक हवा. असे मालक आहेत, कारण पहाटे उठणारी माणसं त्यांना मिळत नाहीत. पण इंटर्नशिप निवडताना नावाजलेल्या दुकानापेक्षा माणसं टिकवून ठेवणारं दुकान बघ.

कागदपत्रांचं थोडक्यात: आल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा, आणि आरोग्य विम्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी करायची, ती मोफत असते. पहिल्याच आठवड्यात उरकून टाक.

घरच्या सरावावर फार विसंबू नकोस. इथे मैद्याला नंबर असतो, टी ४५, टी ५५, टी ६५. पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेवरून तो ठरतो. नंबर जितका लहान तितकं पीठ पांढरं. घडीच्या पिठासाठी ८४ टक्के स्निग्धांशाचं लोणी वापरतात, ते कमी पाण्याचं आणि ताठ असतं. पीठ आणि लोणी दोन्ही सारखंच घट्ट हवं, नाहीतर लोणी आत तुटतं किंवा बाहेर येतं. हे तापमापकाने कळत नाही, बोटाने दाबून कळतं, आणि बोटाला कळायला मला चार महिने लागले. तोवर मी काय करत होते? प्लोंजमध्ये भांडी घासत होते, अंडी फोडत होते, ट्रेवर कागद घालत होते. पदवी असूनही हेच करावं लागेल. अपमान वाटून घेऊ नकोस, त्या वेळात इतरांचे हात बघ.

जिलेटीनचं मात्र तुला आधीच ठरवावं लागेल. मूसच्या केकमध्ये ते सर्रास असतं, बहुतेकदा डुकराचं. अगार किंवा पेक्टिन या वनस्पतिजन्य पर्यायांनी तोच मऊपणा येत नाही. आणि चाखल्याशिवाय हे काम होत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी न चाखता सीएपी झाली, पण मीठ-साखरेसाठी तिला कायम शेजाऱ्यावर अवलंबून राहावं लागलं. ती पुढे चॉकलेटकडे वळली. तिथे डार्क चॉकलेट पन्नासपर्यंत वितळवून अठ्ठावीसपर्यंत उतरवायचं आणि एकतीस-बत्तीस अंशांवर काम करायचं. जिलेटीनचा प्रश्न फारसा येत नाही. हाही विचार करून बघ.

एकटेपणा येतो तो सुट्टीच्या दिवशी. दुकानं रविवारी गजबजलेली आणि सोमवारी बंद. तुझी सुट्टी तेव्हा बाकीचे सगळे कामावर. डिसेंबरात ब्यूश हा नाताळचा केक, जानेवारीत सणाची पेस्ट्री गालेत दे र्‍वा, मग ईस्टरची चॉकलेटं, म्हणजे घरी जायला उन्हाळाच. मी सोमवारच्या भाजीबाजारात ओळखी केल्या आणि नगरपालिकेचा पोहण्याचा पास काढला. मनगटं आणि कंबर त्यानेच वाचली. पिठाच्या धुळीने दमा होतो, तो इथे व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य आहे. शिंका थांबेनात तर डॉक्टरकडे जा, सर्दी म्हणून अंगावर काढू नकोस.

शेफ ओरडतील. करपलेल्या ट्रेवरून ओरडले तर ऐकून घे. तुझ्या रंगावरून, उच्चारावरून बोलले, किंवा हात उगारला, तर त्याच दिवशी संस्थेच्या मार्गदर्शकाला लिही. इंटर्नशिपच्या करारावर तू, संस्था आणि दुकान तिघांच्या सह्या असतात, त्यामुळे संस्था तुला दुसरीकडे हलवू शकते. माझ्या आधीची एक मुलगी गप्प राहिली आणि कोर्स सोडून परत गेली. आणि सकाळी लाबोत शिरल्यावर प्रत्येकाला वेगळं बॉंझूर म्हण, भांडी घासणाऱ्यालाही. सगळ्यांना मिळून एकदाच म्हटलेलं इथे धरत नाहीत.

सुऱ्या आणू नकोस, बहुतेक संस्था पेटी देतात. न घसरणारे बूट मात्र आण, पायांत रुळलेले. खोलीची सही करायच्या आधी पत्ता आणि कामाची वेळ दोन्ही पाठव, रात्रीची बस कुठून मिळते ते मी बघून सांगते.