पत्रपेटीवर तेच नाव लावा, जे पासपोर्टात आहे

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. उदगीरहून श्टुटगार्टला येऊन पाच आठवडे झाले, बँकेचे कार्ड आले पण पिन आला नाही, करओळख क्रमांकाचा, म्हणजे श्टॉयर-आयडीचा, पत्ता नाही, आणि इथले जुने लोक ‘जर्मनीत सगळे सावकाशच चालते, वाट पाहा’ असे सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. मीही कदाचित तेच सांगितले असते. पण कार्यालयात सगळे तुम्हाला वडिलांच्या नावाने हाक मारतात, त्याची गंमत वाटते, हे तुमचे शेवटचे वाक्य वाचले आणि मी जागीच थांबलो. मला २०१६ साली ‘हेर (म्हणजे श्री.) बळीराम’ म्हणत असत आणि पहिले काही आठवडे मलाही त्याची गंमतच वाटली होती. (नाव खरे नाही, नमुन्यापुरते घेतले आहे.)

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, घरमालकाचे प्रमाणपत्र, आरोग्यविमा या गोष्टी तुम्ही केलेल्याच असणार, त्यामुळे त्यांत शिरत नाही.

माझी चूक जर्मनीत झालेली नाही, ती अंबाजोगाईत झाली. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते, उदाहरणार्थ ‘कदम संजय बळीराम’. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोन रकाने असतात. एकात स्वतःचे व मधले नाव आणि दुसऱ्यात आडनाव. ज्या नेट कॅफेत मी अर्ज भरून घेतला, तिथल्या मुलाने सनद समोर ठेवली, डावीकडून वाचत पहिले दोन शब्द पहिल्या रकान्यात टाकले, उरलेला तिसरा दुसऱ्यात टाकला, आणि मी पडद्याकडे न पाहता पन्नास रुपये देऊन बाहेर आलो. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण पासपोर्ट हातात आल्यावर तीन नावे तीनही शुद्ध आहेत एवढेच पाहून मी तो कपाटात ठेवला होता. व्हिसा झाला, विमान झाले, कोणी काही बोलले नाही.

इथे आल्यावर नोंदणी पासपोर्टाप्रमाणे झाली आणि माझे आडनाव कायदेशीररीत्या ‘बळीराम’ ठरले. मी मात्र घरी जाऊन वहीचा कागद फाडला, त्यावर बॉलपेनने ‘एस. कदम’ असे लिहिले आणि चोवीस पेट्यांपैकी माझ्या पेटीवर सेलोटेपने चिकटवला, कारण माझे आडनाव कदम आहे याविषयी मला शंका येण्याचे कारणच नव्हते. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो, हे तुमच्या एव्हाना लक्षात आले असेल. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, बस. पुढचे काम पेटीवरील नावाचे. बँका आणि विमा कंपन्या पाकिटावर ‘के. बळीराम’ एवढेच लिहीत आणि त्या नावाची पेटी त्या इमारतीत नव्हती.

सगळी पत्रे परत गेली असती, तर मी आठवड्याभरात शहाणा झालो असतो. नेहमीच्या पोस्टमनने मात्र पूर्ण नाव असलेल्या एक-दोन पाकिटांवरचे ‘कदम’ पाहून ती माझ्याच पेटीत टाकली, त्यामुळे टपाल येते आहे या भ्रमात मी राहिलो. तो रजेवर असला की बदली माणूस ‘दिलेल्या पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही’ असा शिक्का मारून पत्र परत पाठवत असे. तुमचे कार्ड आले आणि पिन आला नाही, याचे कारण हेच असू शकते. दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांतून, वेगवेगळ्या दिवशी येतात.

आता ज्या कार्यालयाने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला त्याविषयी. नाव घेत नाही, शहरही सांगत नाही. करओळख क्रमांक अकरा अंकी असतो आणि नोंदणीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत टपालाने येतो. तो आला नाही म्हणून मी चौकशीला गेलो, तर खिडकीमागच्या बाईंनी संगणकात पाहून सांगितले की पत्र पाठवलेले आहे. मिळाले नाही, असे म्हटल्यावर त्या म्हणाल्या की पुन्हा पाठवतो. क्रमांक समोरच्या पडद्यावर दिसत असेल तर कागदावर लिहून द्या, अशी विनंती केली. गोपनीयतेच्या नियमामुळे तो केवळ टपालानेच देता येतो, असे उत्तर मिळाले. असे तीन वेळा झाले. तीनही वेळा पत्र त्याच पत्त्यावर, त्याच नावाने गेले आणि त्याच शिक्क्यासह परत आले असणार, पण पत्र परत का येते असा प्रश्न त्या खिडकीमागे कोणालाही पडला नाही. आपल्या तहसील कचेरीला आपण नावे ठेवतो. तिथे निदान एखादा शिपाई ‘पत्ता बघा की तुमचा’ असे तरी म्हणाला असता.

पहिले तीन महिने क्रमांक नसतानाही कंपनी तुमच्या परिस्थितीनुसार अंदाजे कर कापू शकते. त्यानंतर मात्र सहावा करवर्ग लागतो, ज्यात कपात सर्वाधिक असते. माझा चौथ्या महिन्याचा पगार पाहून मी कंपनीच्या लेखा विभागात भांडायला गेलो होतो. चूक त्यांची नव्हती. ती रक्कम पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळाली, पण त्या वर्षी गावाकडे बोअर घेण्यासाठी पाठवायचे पैसे मी मित्राकडून उसने घेतले.

शेवटी उलगडा खालच्या मजल्यावरील आजीबाईंमुळे झाला. पिवळ्या रंगाचे एक पाकीट हातात घेऊन पोस्टमन पेट्यांसमोर उभा होता आणि त्या त्याच्याशी बोलत होत्या. मी जिन्यावरून उतरलो तेव्हा त्यांनी मला विचारले, ‘तुम्हीच बळीराम का?’ मी सवयीने नाही म्हणणार होतो.

पिवळ्या पाकिटाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते न्यायालयीन किंवा शासकीय बजावणीचे असते, त्यावर पोस्टमन तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे आतल्या कागदासोबत पाकीटही जपून ठेवावे. माझ्या पाकिटात रेडिओ-टीव्हीच्या शुल्काची थकबाकी होती. हे शुल्क सध्या दर घराला महिना १८.३६ युरो आहे, घरात टीव्ही नसला तरी भरावे लागते, आणि त्याची आधीची स्मरणपत्रेही बळीराम यांच्याच नावे फिरत होती.

तुमच्या बाबतीत काय करावे, याविषयी माझे मत सांगतो. मी वकील नाही, नियम बदलतात, प्रत्येक शहराची पद्धत निराळी असते. पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर पासपोर्टातील आडनाव ठळक अक्षरांत लावा, आणि त्याच्या खाली तुमचे खरे आडनावही लिहा. तुम्ही दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहत असाल आणि पेटीवर नाव लावू देत नसतील, तर पत्त्यात तुमच्या नावाखाली ‘बाय’ (bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) लिहून घरमालकाचे आडनाव लिहायला सर्वांना सांगा. पासपोर्टातील दुरुस्ती भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत होते. मात्र निवास परवान्याचे काम अर्धवट असताना ती हाती घेऊ नका, असे मी ठामपणे सांगेन, कारण नाव बदलले की परवान्याचे कार्ड, बँक, विमा, कंपनी, सगळीकडे नव्याने फिरावे लागते. लग्न किंवा मूल होण्याआधी मात्र जरूर करा. मी ती टाळली आणि माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदणी कार्यालयाने तिचे आडनाव ‘बळीराम’ लिहिण्याची तयारी केली होती. त्यात भर म्हणजे भारतीय कागदपत्रांवरचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का, जर्मनी मानत नाही आणि जन्मदाखल्याची पडताळणी करून घ्यावी लागते, तेव्हा शाळेत गुरुजींनी जन्मतारीख म्हणून १ जून लिहून दिलेल्या आमच्या पिढीचे हाल निराळेच.

क्रमांकाची पुन्हा मागणी करण्याआधी पेटीवरची चिठ्ठी बदला. आधी मागणी करून मग चिठ्ठी बदललीत, तर मधल्या दिवसांत निघालेले पत्रही परत जाईल आणि तुम्ही पुन्हा त्याच खिडकीसमोर उभे राहाल. पिनसाठी बँकेला फोन केलात तरी चालेल. तो मात्र नव्या चिठ्ठीनंतर चार दिवसांनी करा, म्हणजे बदली पोस्टमनलाही ती दिसलेली असेल.