नळाचं पाणी पिणारा पंच

प्रश्न : ताई, माझा मुलगा ब्रिस्टलला असतो. 2021 साली तिथली ब्रिस्टल वॉटर ही कंपनी पेनन समूहाने विकत घेतली आणि त्याची सरकारी चौकशी झाली. अशा चौकशीला बसणाऱ्यांना म्हणे आपले हितसंबंध लिहून द्यावे लागतात. पण पाणी कोण पीत नाही? मग सगळेच हितसंबंधी नाहीत का? की हा नुसता कागदी सोपस्कार?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी माझीच फजिती सांगते. 2016 साली सासूबाई गेल्या. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, इरकली लुगड्याच्या घडीत, एका कंपनीचे 40 शेअर निघाले. कागदीच, डीमॅट कधी केलेच नव्हते. दर्शनी किंमत सगळी मिळून 400 रुपये. आणि दुसरं नाव माझं! त्याच कंपनीचं ऑडिट आमच्या फर्मकडे, मी भागीदार, आणि सलग दोन वर्षं मी ‘एकही शेअर नाही’ असं लिहून सही ठोकलेली. ऑडिटरच्या नातेवाइकांना दर्शनी किमतीने एक लाखापर्यंत मुभा आहे, खुद्द ऑडिटरला एका शेअरचीही नाही. ते काम आम्ही सोडलं. सहकाऱ्यांना ट्रंकेची गोष्ट सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, अजून आठवतं.

आता तुमच्या मुलाचं गाव. इंग्लंड-वेल्समध्ये पाण्याचे दर ऑफवॉट ही नियामक संस्था ठरवते, तेही एका कंपनीची दुसरीशी तुलना करून. दोन कंपन्या एक झाल्या की तुलनेला एक कमी, म्हणून अशा विलीनीकरणाला वेगळा कायदा. ब्रिस्टलचं प्रकरण चौकशीच्या पहिल्या टप्प्यातच, मार्च 2022 मध्ये, पेननने काही हमी दिल्यावर मिटलं. प्रकरण पुढे गेलं असतं तर किमान तीन स्वतंत्र सदस्यांचा गट चौकशीला बसला असता. तो सोपस्कार खरा कामाला येतो तो तिथे.

नळाचं पाणी पिणं हा हितसंबंध असतो, पण लाखो लोकांत वाटलेला. ब्रिस्टल वॉटरचं पाणी सुमारे बारा लाख माणसं पितात. ‘मीही ग्राहक’ असं लिहिलं म्हणून कोणी घरी पाठवत नाही. मी असते तर भलतीकडेच बघितलं असतं. ब्रिस्टलचं सांडपाणी वेसेक्स वॉटर ही निराळी कंपनी नेते, मग त्या कंपनीत सदस्याचा मेहुणा आहे का? सदस्याने पूर्वी ऑफवॉटमध्ये नोकरी केली आहे का? आणि पेन्शन फंड? लंडनच्या शेअर बाजारात पाणी कंपन्या तीनच : पेनन, सेव्हर्न ट्रेंट, युनायटेड युटिलिटीज. फंडाने परस्पर घेतलेला त्यांचा एखादा तुकडा बऱ्याच नोकरदारांच्या पेन्शनीत असणार, त्यांना पत्ताही नसतो. माझ्या ट्रंकेसारखंच.

शेअर किती, याला तिथे फार जुनं उत्तर आहे, आणि तेही पाण्यातलंच. 1852 सालचा ग्रँड जंक्शन कॅनॉल कंपनीचा खटला. लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तिथले बडे न्यायाधीश, कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता आणि त्यांच्याकडे तिचेच हजारो पौंडांचे शेअर होते. त्यांनी पक्षपात केला असं कोणी म्हटलं नाही, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल रद्द केला. पैसा थेट गुंतला की नियत तपासायचं कारणच नाही. मेहुणा किंवा जुनी नोकरी असेल तेव्हा मात्र कसोटी वेगळी : माहितगार, समंजस तिऱ्हाइताला ‘इथे कल असू शकतो’ असं वाटेल का? तिऱ्हाइताला! सदस्याचं स्वतःचं मत ‘मी निःपक्ष आहे’ हेच असणार, ते विचारून काय मिळणार? म्हणून आधी लिहून द्यायचं, म्हणजे दोन्ही कंपन्यांना हरकत घ्यायची तर वेळेत घेता येते. निकालानंतर ट्रंक उघडली तर सगळी चौकशीच वाया.

मुलाला विचारा, त्याच्या पेन्शन फंडाची यादी त्याने कधी उघडून पाहिली आहे का. बहुधा नसेलच.