पैसे बुडू नयेत म्हणून क्लायंटला कोड ऑब्फस्केट करून द्यावा का?

भोसरीतल्या कारखान्यासाठी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्टॉकचं सॉफ्टवेअर केलंय, निम्मे पैसे अडकलेत, कोड ऑब्फस्केट करून, म्हणजे वाचता येणार नाही असा करून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, नका देऊ. पैसे बुडवणाऱ्याला कोड वाचायचा नसतो, चालवायचा असतो. आणि ऑब्फस्केट केलेला कोड चालतोच.

उलट डोकेदुखी तुमच्याच गळ्यात पडते. पीएचपीत कॉम्पॅक्ट() या फंक्शनला व्हेरिएबलचं नाव स्ट्रिंग म्हणून, म्हणजे साधा मजकूर म्हणून दिलेलं असतं. ऑब्फस्केट करणारं टूल व्हेरिएबलचं नाव बदलतं, स्ट्रिंग तशीच ठेवतं, आणि डिलिव्हरी चलनावर शिल्लक नगांचा रकाना कोरा छापून येतो. एरर लॉगमध्ये दिसणारी नावंही तुम्हाला ओळखू येत नाहीत. आयनक्यूब या टूलने कोड एन्कोड (कुलूपबंद) केलात तर तो चालवायला सर्व्हरवर त्याचा लोडर हा जोडप्रोग्रॅम लागतो. होस्टिंगवाल्याने पीएचपी 7.4 वरून 8.2 केलं की सगळ्या फाइली पुन्हा एन्कोड करून द्या.

खरं संरक्षण ताब्यात आणि कागदावर असतं. डेमो तुमच्याच सर्व्हरवर दाखवा. पुढच्या कामाला 40 टक्के ॲडव्हान्स, 40 डेमो पास झाल्यावर, उरलेले 20 आले की मगच गिट रेपो (मूळ कोडचा साठा) आणि डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत). कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार नोकरदाराने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा, पण फ्रीलान्सरचा कोड, वेगळा करार नसेल तर, त्याचा स्वतःचा. कलम 19 प्रमाणे तो हक्क लेखी, सहीनिशीच देता येतो. म्हणून करारात हे वाक्य हवंच: ‘पूर्ण मोबदला जमा झाल्यावरच कोडचे हक्क क्लायंटकडे जातील.’ बरेच जण कोटेशनवरच काम सुरू करतात, तिथेच फसतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, काम सुरू करण्याआधीच करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने पैसे देण्याची लेखी मुदत ठरली असली तरी ती 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते.

आणि पैसे आले नाहीत तर अमुक तारखेला सॉफ्टवेअर बंद, असा गुपचूप कोड कृपा करून टाकू नका. क्लायंटच्या परवानगीशिवाय त्याची यंत्रणा बंद पाडणं आयटी कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येऊ शकतं. येणेकरी तुम्ही, आणि आरोपीही तुम्हीच.

एकच प्रॉडक्ट दहा जणांना लायसन्सवर विकत असाल, तर एन्कोडिंग जरूर करा. फक्त ते करारात आधी लिहा आणि मूळ सोर्स नीट जपून ठेवा.